गेटचा पैसा घरीच राहिला: स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये चाळीस वर्षं दोनच विजेते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्कॉटलंडच्या लीगमध्ये 1985 नंतर सेल्टिक आणि रेंजर्स हे ग्लासगोचे दोन क्लब सोडून कुणीच विजेता झालेलं नाही. यंदा, 2025-26 च्या हंगामात, एडिनबऱ्याचा हार्ट्स सगळ्यांच्या पुढे आहे. मग मक्तेदारी संपली म्हणायची का? आणि आयपीएलसारखी खर्चाला मर्यादा घातली, पैसे सारखे वाटले, की हा प्रश्न सुटणार नाही का?"

उत्तर लांबेल, म्हणून आधीच सांगतो. गेली वीसेक वर्षं मी एडिनबरा-ग्लासगो पट्ट्यात हिशेबाचं काम करतो. अडचणीत आलेल्या लहान कंपन्यांचे ताळेबंद उलगडून बघणं हा त्यातला मोठा भाग, आणि त्या कंपन्यांत काही फुटबॉल क्लबही होते. त्यामुळे हा खेळ मी तिकीटखिडकीच्या बाजूनं जास्त पाहिलाय. मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत वाढलेला, तेव्हा वेड आधीचं आणि हिशेब नंतरचा.

आधी परिस्थिती नीट समजून घ्या. 1984-85 चं विजेतेपद ॲबरडीनचं, व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन. त्यानंतर 1985-86 ते 2024-25 असे चाळीस हंगाम झाले आणि चाळीसही वेळा ढाल ग्लासगोलाच गेली. 2024-25 च्या अखेरीस दोघांच्या खात्यावर 55-55 विजेतेपदं होती. सेल्टिकनं सलग नऊ वेळा जिंकायचा पराक्रम दोनदा केलाय, रेंजर्सनं एकदा. दुसरा क्रमांक तरी इतरांना मिळतो का? क्वचित. 1995 पासून, रेंजर्स वरच्या लीगमध्ये असताना, या दोघांच्या मध्ये दुसरं कुणी घुसल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील: 1995 साली मदरवेल, 2006 साली हार्ट्स, 2017 आणि 2018 साली ॲबरडीन.

कारण विचारलं की शंभरातले नव्वद जण "टीव्हीचा पैसा" असं म्हणतात. माझं मत वेगळं आहे. टीव्हीच्या पैशानं स्कॉटलंड इंग्लंडच्या मागे का पडला ते कळतं. ॲबरडीन सेल्टिकच्या मागे का पडला ते त्यातून कळत नाही.

आकडे मांडतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा देशांतर्गत टीव्ही करार 2025 पासून चार हंगामांसाठी 670 कोटी पौंडांचा आहे. स्कॉटलंडचा वर्षाला साधारण 3 कोटी पौंड. इंग्लंडमध्ये 2023-24 ला तळाला राहिलेल्या शेफील्ड युनायटेडला एकट्याला लीगकडून जवळजवळ 11 कोटी पौंड मिळाले. म्हणजे हरून हरून खाली गेलेल्या एका इंग्लिश क्लबचा वाटा स्कॉटलंडच्या अख्ख्या टीव्ही कराराच्या साडेतीन पट. आता सेल्टिकची 2023-24 ची उलाढाल बघा: 12.46 कोटी पौंड. रेंजर्सची 8.83 कोटी. हार्ट्स, ॲबरडीन, हिब्ज हे त्यांच्या खालचे मोठे क्लब 2 कोटींच्या आसपास फिरतात, आणि तळाचे त्याच्याही बरेच खाली.

समजा उद्या कुणी समाजवादी अध्यक्ष आला आणि टीव्हीचे 3 कोटी त्यानं बारा क्लबांत अगदी पै-पैनं सारखे वाटले, खालच्या विभागांना एक पेनीही न देता. प्रत्येकाला 25 लाख. सेल्टिकच्या साडेबारा कोटींसमोर या 25 लाखांनी काय फरक पडणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एक मान्य करतो, वाटपही न्याय्य नव्हतं. 1998 साली वरच्या क्लबांनी जुन्या लीगमधून फुटून स्वतःची एसपीएल (स्कॉटिश प्रीमियर लीग) काढली. तिच्यात पहिल्या क्रमांकाला एकूण रकमेच्या 17 टक्के, दुसऱ्याला 15 टक्के आणि तिसऱ्याला एकदम साडेनऊ टक्के मिळत. पहिल्या दोन जागा कुणाच्या हे सगळ्यांना माहीत असताना दुसऱ्या-तिसऱ्यात एवढी दरी ठेवायची, म्हणजे टेबल कुणी आखलं ते सांगायला नको. 2013 साली तिच्या जागी एसपीएफएल (स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग) झाल्यावर हे बरंच सपाट झालं. पण ही सगळी मारामारी छोट्या पातेल्यातली. मोठं पातेलं वेगळ्याच चुलीवर होतं.

ती चूल म्हणजे गेट.

पूर्वी लीग सामन्याच्या तिकिटांच्या पैशातला वाटा पाहुण्या संघाला मिळायचा. साठ हजारांपुढे खेळून आलेला छोटा क्लब थोडी पुंजी घेऊन परतायचा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत लीगमधून गेली आणि घरच्या सामन्याचा पैसा घरच्याच क्लबचा झाला. त्या वेळी फार कुणाला हे मोठं वाटलं नाही. पुढे मैदानं खुर्च्यांची झाली, सीझन तिकिटं आली, कंपन्यांसाठी जेवणावळीच्या खोल्या आल्या, आणि तिकिटाची किंमत चढत गेली तसतशी ती एक ओळ सगळ्या खेळाचं भवितव्य ठरवून गेली. सेल्टिक पार्कमध्ये 60 हजारांवर खुर्च्या आहेत, रेंजर्सच्या आयब्रॉक्समध्ये 50 हजारांवर. हार्ट्सच्या टायनकॅसलमध्ये जेमतेम 20 हजार. ॲबरडीन, हिब्ज त्याच मापाचे. रॉस काउंटी ज्या डिंगवॉलचा, त्या गावाची वस्तीच साडेपाच हजारांच्या आसपास, आणि स्टेडियम साडेसहा हजारांचं. गाव सगळं आलं तरी खुर्च्या उरतात.

युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीग टीव्हीवर जगतात. स्कॉटलंड आजही तिकिटावर जगतो. लोकसंख्येच्या मानानं मैदानावर जाऊन सामना बघण्यात हा देश युरोपात सगळ्यांत पुढे गणला जातो. अभिमानाची गोष्ट आहे, आणि तीच विषमतेची मुळी आहे. टीव्हीचा पैसा निदान एका टेबलावर येतो आणि मग वाटला जातो. तिकिटाचा पैसा त्या टेबलावर येतच नाही.

हे जवळून कसं दिसतं ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या क्लबच्या कचेरीत जानेवारीत बसलो होतो. खोलीत एकच हीटर, तो खजिनदाराच्या पायाशी. त्यांनी रोख रकमेचा आठवड्यागणिक तक्ता समोर ठेवला. हिरव्या शाईत वरिष्ठांचे पगार, काळ्या शाईत कर, आणि चार चौकोनांभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. मी विचारलं, ही काय कर्जाची फेड आहे का? ते म्हणाले, "नाही, हे ग्लासगोवाले येणार ते दिवस." त्या दिवसांपुढे पगारांच्या तारखा मुद्दाम ढकललेल्या होत्या. एका वर्तुळाच्या आठवड्यात मैदान गोठलं आणि सामना पुढे गेला, तर त्या महिन्याचे पगार कुठून द्यायचे याचं उत्तर तक्त्यात नव्हतं. खजिनदार दर दोन तासांनी खिडकीतून गवताकडे बघत होते. मीही बघू लागलो.

त्या तक्त्यामुळे मला लीगची रचना कळली. बारा संघ, 38 सामने. प्रत्येक जण प्रत्येकाशी तीन वेळा खेळतो, म्हणजे 33 सामने, मग लीग दुभंगते: वरचे सहा आपसांत, खालचे सहा आपसांत, आणखी पाच-पाच सामने. परदेशी माणसाला हे गणित विचित्र वाटतं. हेतू सरळ आहे. या रचनेत सेल्टिक-रेंजर्स सामना वर्षातून चारदा होतो, आणि टीव्हीवाल्यांना विकत घ्यायचा असतो तो मुख्यतः तोच. छोट्या क्लबच्या बाजूनं बघा: सहावा आलात तर या दोघांशी एकेक सामना जास्त, त्यातला एखादा घरी. सातवा आलात तर नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सहाव्या-सातव्या जागेसाठी जी जिवाची लढत चालते ती इज्जतीइतकीच लाल वर्तुळांची असते. काही मैदानांवर तर पाहुण्यांना चारातले दोन-तीन स्टँड देऊन टाकतात. आपल्याच घरात आपण कोपऱ्यात उभे, आणि चहूकडे समोरच्यांचे झेंडे. किल्मार्नॉकसारख्या क्लबांनी नंतर हा वाटा कमी केला, आपल्या माणसांना घर आपलं वाटावं म्हणून. पैसा सोडून घेतलेला निर्णय होता तो, आणि मला तो आवडला.

आता तुम्ही म्हणाल, मग ऐंशीच्या दशकात इतर कसे जिंकले?

1980, 1984, 1985 ला ॲबरडीन, 1983 ला डंडी युनायटेड. ॲबरडीननं 1983 साली गोथेनबर्गमध्ये रेआल माद्रिदला 2-1 हरवून युरोपीय कप विनर्स कप आणला. डंडी युनायटेडनं 1987 साली बार्सेलोनाला घरी आणि बाहेर दोन्हीकडे हरवलं आणि यूएफा कपची अंतिम फेरी गाठली. या दोघांना लोक 'न्यू फर्म' म्हणू लागले होते, सेल्टिक-रेंजर्सच्या 'ओल्ड फर्म'ला उत्तर म्हणून. व्यवस्थापक असामान्य होते हे खरंच: ॲबरडीनचे फर्ग्युसन आणि डंडी युनायटेडचे जिम मॅकलेन. पण त्या काळी खेळाडू हातातून निसटत नव्हता. करार संपला तरी बदलीचे पैसे मिळाल्याशिवाय क्लब त्याला सोडत नसे. तो नियम युरोपीय न्यायालयाच्या बोसमन निकालानं डिसेंबर 1995 मध्ये मोडला. मॅकलेन तर पोरांना लांबलचक करारांत बांधून ठेवायचे, आणि त्याबद्दल खेळाडू कुरकुरायचेही. गेटमधली दरी नुकतीच रुंदावू लागली होती, तिचा परिणाम अजून मैदानावर उतरायचा होता.

त्या दशकाचे दोन क्षण एकाच मैदानावर घडले. डंडी शहरात डंडी आणि डंडी युनायटेड यांची मैदानं एकाच रस्त्यावर, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. 14 मे 1983 ला युनायटेडनं शेजाऱ्याच्या डेन्स पार्कवर 2-1 जिंकून आपलं एकमेव विजेतेपद पक्कं केलं. तीन वर्षांनी, 3 मे 1986 ला, हार्ट्स त्याच डेन्स पार्कवर शेवटचा सामना खेळायला आले. एक बरोबरी पुरली असती. सामना संपायला काही मिनिटं असताना अल्बर्ट किड नावाच्या डंडीच्या बदली खेळाडूनं दोन गोल मारले, आणि तिकडे सेल्टिकनं सेंट मिरेनला 5-0 हरवून गोलफरकानं लीग नेली. एडिनबऱ्यातल्या माझ्या वयस्क शेजाऱ्यांसमोर मी आजही हे नाव घेत नाही.

त्याच 1986 मध्ये रेंजर्सनं ग्रॅम सूनेसला खेळाडू-व्यवस्थापक म्हणून आणलं. ब्रसेल्सच्या हेझल स्टेडियममधल्या 1985 च्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात खेळायची बंदी होती, त्यामुळे टेरी बुचर, ख्रिस वुड्ससारखे इंग्लंडचे खेळाडू चक्क उत्तरेला आले. 1988 साली डेव्हिड मरे मालक झाले आणि खर्चाला पारावार उरला नाही. सेल्टिक या शर्यतीत इतका मागे पडला की मार्च 1994 मध्ये बँक दार लावायच्या बेतात होती. कॅनडातून परतलेल्या फर्गस मॅककॅन यांनी क्लब वाचवला, समर्थकांना भागधारक करून घेतलं आणि साठ हजारांचं मैदान उभारलं. लोकांनी तेव्हा हसून घेतलं, एवढ्या खुर्च्या कोण भरणार म्हणून. माझ्या धंद्यातल्या माणसाला विचाराल, तर स्कॉटिश फुटबॉलमधली सगळ्यांत शहाणी गुंतवणूक म्हणजे त्या खुर्च्या. आणि स्पर्धेच्या दृष्टीनं बघाल तर ॲबरडीनच्या पुनरागमनाच्या शक्यतेवर पडलेला शेवटचा दगडही त्याच.

नियम बदलता आले नसते का? इथं कळीचा मुद्दा येतो, आणि तो खेळाच्या बातम्यांत फारसा नसायचा. एसपीएलमध्ये पैशासंबंधीचे महत्त्वाचे ठराव 11 विरुद्ध 1 मतांनीच मंजूर होत. म्हणजे दोन क्लब एकत्र आले की काहीही अडवू शकत. ते दोन कोणते, ते तुम्हाला कळलंच असेल. 2002 मध्ये इतर दहा क्लबांना लीगची स्वतःची टीव्ही वाहिनी काढायची होती. दोघांनी ती अडवली, आणि चिडून दहाच्या दहा क्लबांनी लीग सोडण्याची नोटीस दिली. पुढे ती मागे घेतली, कारण त्यांच्याशिवाय लीग म्हणजे नवरदेवाविना वरात. गंमत म्हणजे याच नियमानं एप्रिल 2013 मध्ये उलटा डाव साधला: लीगच्या पुनर्रचनेचा मोठा प्रस्ताव सेंट मिरेन आणि रॉस काउंटी या दोन छोट्यांनी पाडला.

वरून दार लावायचे दुसरेही मार्ग होते. एसपीएलमध्ये यायचं तर मैदानात 10 हजार खुर्च्या हव्यात असा नियम होता. 2003 मध्ये फॉलकर्क खालच्या विभागात पहिला आला, पण त्याचं मैदान नियमात बसेना, म्हणून बढती नाकारली आणि तळाला असलेला मदरवेल वाचला. पुढच्या वर्षी इनव्हरनेसला बढती मिळाली ती 'घरचे' सामने शंभर मैलांवर ॲबरडीनला जाऊन खेळायच्या अटीवर. नंतर मर्यादा सहा हजारांवर आणली. दरम्यान किती जणांनी नको तिथं काँक्रीट ओतलं त्याच्या फायली मी पाहिल्यात.

आणि ज्यांनी पैशानंच बरोबरी करायचा प्रयत्न केला त्यांचं काय झालं? अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण कुणी स्कॉट्स भाषेत नेली असती तर बरं झालं असतं. मदरवेल 2002 मध्ये प्रशासकाच्या हाती गेलं, म्हणजे देणी फेडता येईनात म्हणून कारभार बाहेरच्या नेमलेल्या माणसाकडे गेला. डंडीनं कनिजिया, रावानेल्ली अशी जगप्रसिद्ध नावं आणली आणि 2003 मध्ये तेही गेलं. लिव्हिंग्स्टननं तर मार्च 2004 मध्ये प्रशासकाच्या अमलाखाली असताना लीग कप जिंकला. सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट ग्रेटनाची. सीमेवरचं छोटंसं गाव. ब्रूक्स माइल्सन या धनिकानं पैसा ओतला. सलग तीन बढत्या, 2006 च्या स्कॉटिश कपच्या अंतिम फेरीत हार्ट्सकडून पेनल्टीवर पराभव, 2007 मध्ये थेट वरची लीग. माइल्सन आजारी पडले, पैसा थांबला, आणि 2008 च्या उन्हाळ्यात क्लब उरलाच नाही.

रेंजर्सही सुटले नाहीत. 14 फेब्रुवारी 2012 ला ते प्रशासकाकडे गेले आणि जुनी कंपनी दिवाळखोरीत निघाली. नव्या कंपनीला थेट वरच्या लीगमध्ये घ्यायचं का, यावर जुलैत मतदान झालं. फुटबॉल चालवणारे वरिष्ठ भीती दाखवत होते, रेंजर्स गेले तर सगळे बुडतील. छोट्या क्लबांच्या संचालकांना ती भीती खरी वाटत होती. लाल वर्तुळं आठवा. पण समर्थकांनी सांगितलं, नियम वाकवलात तर आम्ही सीझन तिकीट घेणार नाही. क्लबांनी नाही म्हटलं. रेंजर्सला चौथ्या पायरीवरून सुरुवात करावी लागली, आणि ते 2016 मध्ये परतले.

त्या चार वर्षांत काय घडलं हे माझ्यासारख्याला प्रयोगशाळेसारखं आहे. कुणी बुडालं नाही म्हणणार नाही. हार्ट्स 2013 मध्ये प्रशासकाकडे गेले, पण ते मालक रोमानोव्ह यांच्या कर्जापायी. चषकांचं दार मात्र धाडकन उघडलं. 2012-13 ते 2015-16 या काळातल्या आठ चषकांपैकी (दरवर्षी स्कॉटिश कप आणि लीग कप असे दोन) सहा चषक सहा वेगवेगळ्या क्लबांनी नेले: सेंट मिरेन, ॲबरडीन, सेंट जॉनस्टन, इनव्हरनेस, रॉस काउंटी, हिब्ज. हिब्जनं स्कॉटिश कप 114 वर्षांनी जिंकला. आणि लीग? चारही वेळा सेल्टिक, 16, 29, 17 आणि 15 गुणांच्या फरकानं. दोनातला एक काढला तर दुसरा आणखी मोठा झाला. बाद पद्धतीत एक चांगला दिवस पुरतो, 38 सामन्यांत तो नशिबाचा भाग विरघळून जातो आणि खाली पगाराचा तक्ता उरतो. जाता जाता सांगतो, स्कॉटिश कपमध्ये आजही खर्च वजा जाता गेटचा पैसा दोन्ही संघांत वाटला जातो. चषक यामुळे जिंकले गेले असं मी म्हणत नाही, पण ती जुनी चाल तिथं जिवंत आहे हे कुणाच्या लक्षात असत नाही.

यावर युरोपचा पैसा चढतो. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मुख्य फेरीत नुसतं पोचलं की 1 कोटी 86 लाख युरो. एक सामना न जिंकता. हार्ट्सच्या साऱ्या वर्षाच्या कमाईच्या जवळ जाणारी रक्कम. लीग जिंका, युरोपात जा, त्या पैशानं पुन्हा लीग जिंका. हे चक्र कधी तुटतं? ऑगस्ट 2025 मध्ये सेल्टिक कझाकस्तानच्या कायरातविरुद्ध दोन सामन्यांत एकही गोल करू शकला नाही आणि पेनल्टीवर बाहेर पडला. आधीच्या वर्षांची शिल्लक मोठी असल्यानं त्यांना नुसता ओरखडा पडला. दुसऱ्या कुणाला त्याच्या निम्मा फटका बसला असता तर खेळाडू विकायची वेळ आली असती.

खेळाडू विकणं हेच खालच्यांचं उत्पन्न. अँडी रॉबर्टसनला लहानपणी सेल्टिकनं सोडलं, तो क्वीन्स पार्कसाठी हौशी म्हणून खेळला, 2013 ला डंडी युनायटेडकडे आला, वर्षभरात 28.5 लाख पौंडांना इंग्लंडच्या हल सिटी क्लबला विकला गेला. लिव्हरपूलनं पुढे त्याला साधारण 80 लाखांना घेतलं आणि युरोपचा विजेता केलं. डंडी युनायटेडला एक सुंदर हंगाम मिळाला. स्कॉट ब्राउन 2007 मध्ये 44 लाखांना हिब्जकडून सेल्टिकला गेला आणि तिथं वर्षानुवर्षं ढाली उचलत राहिला. माल वर जातो, आणि बरेचदा थेट प्रतिस्पर्ध्याच्याच दुकानात जातो.

आता तुमचं आयपीएल. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक फ्रँचायझीला 120 कोटी रुपयांची थैली होती, आणि मध्यवर्ती उत्पन्न वाटलं जातं. तिथं हे चालतं कारण खालच्या विभागात पडायची भीती नाही, आणि मर्यादेपेक्षा जास्त देणारी दुसरी तितकीच मोठी बाजारपेठ शेजारी नाही. ग्लासगोहून दोन तासांवर इंग्लंड आहे. स्कॉटलंडनं पगारावर ठरावीक रकमेची टोपी घातली तर सेल्टिकचे चांगले खेळाडू ॲबरडीनला जाणार नाहीत, इंग्लंडच्या दुसऱ्या विभागात जातील. लीग बरोबरीची होईल आणि युरोपात पहिल्या फेरीत मार खाईल. दुसरी पद्धत, उत्पन्नाच्या टक्केवारीची मर्यादा. युरोपीय फुटबॉलची संघटना यूएफानं आपल्या स्पर्धांतल्या क्लबांना ती लावलीय, 2025 पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांच्या आत. दिवाळखोरी टाळायला ती उत्तम. पण साडेबारा कोटींचे 70 टक्के आणि दोन कोटींचे 70 टक्के यातली दरी जशीच्या तशी राहते. उलट कायद्यानं पक्की होते.

माझ्या हाती असतं तर मी गेटच्या वाटपावर परत गेलो असतो, निदान एका अंशानं. सेल्टिकचे लोक म्हणतात, आमचा समर्थक आम्हाला बघायला पैसे देतो, ते दुसऱ्याला का द्यायचे? मूर्खपणाचा प्रश्न नाही तो. उत्तर एवढंच, की घरचे 19 सामने खेळायला समोर कुणीतरी लागतं. हे होईल असं मला वाटत नाही. ज्याचं मत लागतं त्याच्याच खिशात हात घालायचाय.

राहिला हार्ट्स. हे मी नोव्हेंबर 2025 च्या सुरुवातीला लिहितोय. 26 ऑक्टोबरला टायनकॅसलवर त्यांनी सेल्टिकला 3-1 हरवलं, नऊ सामन्यांत 25 गुण, सेल्टिकच्या आठ पुढे. दुसऱ्याच दिवशी सेल्टिकचे व्यवस्थापक ब्रेंडन रॉजर्स यांनी राजीनामा दिला. रेंजर्सनं तर ऑक्टोबर उजाडताच आपल्या व्यवस्थापकाला काढलं होतं.

असं आधी झालंय, आणि नेमकं वीस वर्षांपूर्वी. 2005 मध्ये हार्ट्सनं पहिले आठ सामने जिंकले. संघ अव्वल, अपराजित, आणि 22 ऑक्टोबरला व्यवस्थापक जॉर्ज बर्ली यांना मालकानं निरोप दिला. मे महिन्यात सेल्टिक 91, हार्ट्स 74. तो पैसा कर्जाचा होता आणि त्याची किंमत 2013 मध्ये चुकवावी लागली. तेव्हा ॲन बज यांनी क्लब उचलून धरला आणि हजारो समर्थकांनी दरमहा थोडे थोडे पैसे घालून 2021 मध्ये तो आपल्या नावावर करून घेतला.

या वेळचा फरक मला कागदावर दिसतो. ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम यांनी जून 2025 मध्ये 98.6 लाख पौंड दिले, 29 टक्के भाग घेतले, आणि त्या भागांना मताधिकार नाही. कर्ज नाही, भांडवल आहे. सोबत खेळाडू हुडकणारी त्यांची आकडेशास्त्राची यंत्रणा. तिच्या जोरावर बेल्जियममधला युनियन सेंट-गिल्वाझ 2025 मध्ये 90 वर्षांनी विजेता झाला. क्लाउडिओ ब्रागा नॉर्वेच्या दुसऱ्या विभागातून आला, जिथं ग्लासगोवाल्यांची नजर जात नाही. दरी पैशानं बुजवायची नाही, तिच्यावरून उडी मारायची, असा तो डाव आहे, आणि मला तो पटतो.

तरी मक्तेदारी संपली म्हणणार नाही. डिसेंबर-जानेवारीत सामने दाटतात, संघात राखीव ताकद किती ते दिसतं, जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडते आणि ब्रागासारख्यासाठी फोन सुरू होतात. आणि समजा मेमध्ये ढाल टायनकॅसलला आलीच. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचं दार उघडेल, मुख्य फेरीत पोचले तर पैसा येईल. सीझन तिकिटासाठी टायनकॅसलबाहेरच्या गोर्गी रोडवर रांग लागेल. आत खुर्च्या तेवढ्याच, वीस हजार.